डीसीटी की टॉर्क कन्व्हर्टर: फास्ट ऑटोमॅटिक निवडायची, चालवायची आणि सांभाळायची कशी

ऑटोमॅटिक परफॉर्मन्स गाडी घ्यायची म्हटलं की पहिला वाद ठरलेला, डीसीटी (दोन क्लचचा म्हणजे ड्युअल क्लच गिअरबॉक्स) फास्ट की टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी ऑइलमधून ताकद पोचवणारा), मग कोणीतरी मिलिसेकंद काढतो, कोणीतरी ड्रॅग रेसचा व्हिडिओ टाकतो आणि अख्खी संध्याकाळ त्यात जाते. खरं सांगायचं तर गिअर किती पटकन पडतो हा मुद्दा आता जवळपास निकालात निघालाय. पंधरा वर्षांपूर्वी होता, तेव्हाचा साधा ऑटोमॅटिक स्टिअरिंगमागचं गिअर बदलायचं पॅडल ओढल्यावर विचार करून गिअर टाकायचा. आजचा चांगला टॉर्क कन्व्हर्टर आणि चांगला डीसीटी यांच्यातला फरक सीटवर बसून सांगायला लावला तर भल्याभल्यांची पंचाईत होईल. निदान वरच्या स्पीडला तरी.

फरक कळतो तो शून्य ते दहाच्या स्पीडला. सिग्नलवरून उठताना, सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर, रिव्हर्समध्ये चढावर गाडी लावताना, लाँग वीकेंडला खंडाळ्याच्या घाटात ट्रकच्या मागे इंच इंच सरकताना. म्हणून हे सगळं मी एकाच प्रश्नाभोवती लिहितोय: गाडी उठते कशी, आणि उठताना जी उष्णता तयार होते ती जाते कुठे. हे एकदा डोक्यात बसलं की कुठली घ्यायची, कशी चालवायची, ऑइल कधी बदलायचं, सेकंड हँड घेताना काय बघायचं, सगळ्याची उत्तरं त्यातूनच निघतात.

आधी आत काय चालतं ते

इंजिन बंद पडू न देता ८०० आरपीएमला फिरत ठेवायचं असतं आणि चाकं मात्र थांबलेली असतात, म्हणजे मधे काहीतरी घसरलंच पाहिजे. मॅन्युअलमध्ये ते काम आपला डावा पाय करतो, हाफ क्लच मारून.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घसरतं ते ऑइल. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागतो, तसंच, फक्त हवेच्या जागी ऑइल. इंजिनकडचा पंखा म्हणजे पंप, गिअरबॉक्सकडचा म्हणजे टर्बाइन, आणि मधे एक स्टेटर असतो जो परत येणारं ऑइल वळवून पुन्हा पंपाला मदत होईल असं सोडतो. त्या स्टेटरमुळे गाडी उठायच्या क्षणी टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, चक्क वाढतो, साधारण दुपटीच्या आसपास. हे डीसीटीला जमत नाही, क्लच फार तर इंजिनचा टॉर्क जसाच्या तसा पोचवेल, वाढवणार नाही. एकदा गाडी पळायला लागली की कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच लागतो आणि घसरणं संपतं, मग इंजिन आणि गिअरबॉक्स सरळ जोडलेले. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये हा लॉक-अप फक्त वरच्या गिअरला लागायचा, म्हणून ते रबर बँड ओढल्यासारखे वाटायचे. आता तो खूप लवकर लागतो.

डीसीटीमध्ये दोन क्लच, एकाकडे १, ३, ५, ७ आणि दुसऱ्याकडे २, ४, ६ आणि रिव्हर्स (रिव्हर्स कुठल्या बाजूला हे गिअरबॉक्सप्रमाणे बदलतं). शाफ्ट पण दोन, एक पोकळ आणि दुसरा त्याच्या आतून जाणारा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो, नुसता एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. मुळात हा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, डावा पाय कॉम्प्युटरला दिलाय एवढंच. म्हणजे उठताना इथे घसरतं ते क्लचचं फ्रिक्शन मटेरियल, आणि ते झिजतं.

क्लच कोरडा की ओला हा पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते तो डीसीटी की टॉर्क कन्व्हर्टर यापेक्षा महत्त्वाचा. कोरडा क्लच हवेत थंड होतो, ओला क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि ते ऑइल कूलरमधून फिरतं. फोक्सवॅगनचा सात गिअरचा डीक्यू२०० कोरडा, मर्यादा २५० न्यूटन मीटर टॉर्क. त्याच घरचे डीक्यू२५०, डीक्यू३८१ आणि डीक्यू५०० ओले. डीक्यू५०० तर ६०० न्यूटन मीटरपर्यंत घेतो, तो ऑडी आरएस३ मध्ये आहे. सगळ्यांच्या लिव्हरजवळ किंवा ब्रोशरमध्ये नाव एकच, डीएसजी किंवा एस ट्रॉनिक, त्यामुळे "डीएसजी खराब असतो" किंवा "डीएसजी भारी असतो" ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. कुठला, ते विचारा.

मग मोठ्या कंपन्यांनी डीसीटी सोडला का?

काहींनी सोडला, काहींनी नाही. रोडवरच्या गाडीत डीसीटी पहिल्यांदा आला २००३ मध्ये, गोल्फ आर३२ मधून. पोर्शने त्याआधी ऐंशीच्या दशकात रेसिंगमध्ये पीडीके (त्यांचा डीसीटी) वापरला होता पण ९११ मध्ये तो आला २००८ ला. निसान जीटी-आर २००७ ला डीसीटी घेऊनच आली. बीएमडब्ल्यूच्या एम५ ने २०११ च्या एफ१० पिढीत सात गिअरचा डीसीटी घेतला, आणि २०१७ च्या एफ९० पिढीत सरळ झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर लावला. तरी ती आधीच्यापेक्षा फास्ट, ० ते १०० साठी ३.४ सेकंद, अर्थात त्यात फोर व्हील ड्राइव्हचाही मोठा हात आहे. नंतर एम३, एम४, एम२ पण त्याच वाटेने गेल्या.

याचं कारण झेडएफ ८एचपी नावाचा बॉक्स. २००९ मध्ये आलेल्या या बॉक्समध्ये चार प्लॅनेटरी गिअरसेट (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरचे संच) आणि पाच शिफ्ट एलिमेंट, म्हणजे क्लच आणि ब्रेक मिळून पाच, आणि कुठल्याही गिअरमध्ये त्यातले तीन लागलेले, दोन सुटे. बाजूच्या गिअरला जाताना एक सुटतो, एक लागतो. म्हणजे शिफ्टच्या बाबतीत हा डीसीटीच्याच पद्धतीने काम करतो, क्लच ते क्लच. शिवाय उठताना कन्व्हर्टरचा मऊपणा फुकटात मिळतो. १९०० किलोच्या आसपासची गाडी, ७५० न्यूटन मीटर टॉर्क, मालक रोज ऑफिसला घेऊन जाणार आणि रविवारी दणका देणार, अशा कामाला हा जास्त सोयीचा.

उलट बाजूने बघा, पोर्शने ९११ आणि पेट्रोल मॅकानला पीडीके दिला पण पेट्रोल केयेनला आठ गिअरचा टिपट्रॉनिक एस, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. केयेन साडेतीन टनांचा ट्रेलर ओढते, आणि असलं वजन घेऊन चढावर उठायचं म्हणजे क्लचचा जीव काढायचा. एकाच कंपनीत दोन्ही बॉक्स, आणि कुठे कुठला याचं उत्तर उठण्यातच आहे. कॉर्व्हेटने मात्र उलटा प्रवास केला, इंजिन मागे नेलं तेव्हा २०२० च्या सी८ मध्ये आठ गिअरचा ट्रेमेकचा डीसीटी घेतला, आणि त्यात मॅन्युअल ठेवलाच नाही.

मर्सिडीजच्या एएमजी या फास्ट गाड्यांच्या शाखेचा तिसराच प्रकार आहे, एमसीटी. साधा प्लॅनेटरी ऑटोमॅटिक, पण पुढचा टॉर्क कन्व्हर्टर काढून तिथे एक ओला क्लच लावलाय. त्यामुळे लिव्हरवर ऑटोमॅटिक असलं तरी ट्रॅफिकमध्ये तो थोडाफार डीसीटीसारखा वागतो, ई६३ वगैरे चालवून बघताना हे लक्षात ठेवा नाहीतर वाटेल गाडीत काहीतरी बिघाड आहे.

आपल्या गाडीत काय आहे ते शोधायचं कसं

नावावर जाऊ नका. पीडीके, डीएसजी, डीसीए, ७जी-डीसीटी ही सगळी डीसीटीची नावं, हे ठीक. पण बीएमडब्ल्यू "स्टेपट्रॉनिक" हे नाव दोन्हीकडे वापरते, आपल्याकडच्या २ सिरीज ग्रान कूपेच्या पेट्रोलला सात गिअरचा ड्युअल क्लच होता आणि एम३४०आय ला आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. मर्सिडीजमध्ये डीसीटी हे अक्षर असेल तर डीसीटी, ९जी-ट्रॉनिक असेल तर कन्व्हर्टर. आणि एएमटी या वादात येतच नाही, तो एका क्लचचा मॅन्युअल आहे ज्याला मोटर लावलीय, सेल्समन त्याला बिनधास्त "ऑटोमॅटिक" म्हणतो ते ऐकून घ्या आणि स्पेसिफिकेशन शीट मागा.

महाराष्ट्रातल्या लोकांची एक सोय आहे. चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया १.० टीएसआय इंजिनमध्ये टॉर्क कन्व्हर्टर घेऊन येते आणि १.५ टीएसआय मध्ये कोरडा सात गिअरचा डीएसजी. तीच बॉडी, तीच सीट, एकाच शोरूममध्ये एका दुपारी दोन्ही चालवून बघता येतात. गाडी तीच घ्यायची नसली तरी फरक शिकायला यापेक्षा स्वस्त शाळा नाही. गंमत म्हणजे पोलो जीटी टीएसआय ने तर एकाच नावाखाली दोन्ही केलं, २०१३ ला १.२ इंजिन आणि डीएसजी घेऊन आली आणि २०२० पासून १.० इंजिन आणि टॉर्क कन्व्हर्टर.

टेस्ट ड्राइव्हला काय करायचं

सेल्समन तुम्हाला मोकळ्या रस्त्यावर नेऊन "दाबा साहेब" म्हणेल. दाबा, मजा घ्या, पण त्यात काही कळणार नाही, दोन्ही भारीच वाटतील. मग हे करा.

सपाट जागी ब्रेक हळूहळू सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका. कन्व्हर्टरवाली गाडी ब्रेक ढिला झाल्याबरोबर सरकायला लागेल, सलग, पाण्यावर सोडल्यासारखी नाही पण जवळपास. डीसीटी एक क्षण थांबेल, मग क्लच धरेल, मग सरकेल. तो क्षण तुम्हाला चालतो का ते बघा. काही जणांना कळत पण नाही, काही जणांना दररोज त्रास होतो.

मग पाचच्या स्पीडला चाला, माणसाच्या चालीने, दोन मिनिटं. डीसीटी पहिला आणि दुसरा यात अडखळतो का, हलका जर्क देतो का. मग चढावर रिव्हर्स, बेसमेंटचा रॅम्प मिळाला तर सोन्याहून पिवळं. तिथे अर्धा फूट मागे, थांब, अर्धा फूट मागे असं करायला लागतं ना, तेव्हा कोरड्या क्लचचा डीसीटी खरा कसाला लागतो. शेवटी यू-टर्न घेऊन लगेच गॅप दिसला म्हणून पटकन उठून बघा. डीसीटी आणि टर्बो इंजिन एकत्र असेल तर आधी काही नाही, आणि मग एकदम सगळं, असं होऊ शकतं. हे गिअरबॉक्सचं एकट्याचं पाप नसतं, टर्बो लॅग, म्हणजे टर्बो जागा व्हायला लागणारा वेळ, त्यात मिसळलेला असतो, पण कन्व्हर्टर टॉर्क वाढवून ती फट भरून काढतो आणि क्लच भरत नाही, म्हणून डीसीटीत ती जास्त जाणवते.

आता माझं मत. रोजचं हिंजवडी किंवा वेस्टर्न एक्सप्रेस हायवे आणि महिन्यातून एकदा ताम्हिणी असेल तर टॉर्क कन्व्हर्टर घ्या, डोळे मिटून. रोजचं चालवणं कमी, गाडी मुख्यतः वीकेंडला पहाटे काढायची, कधी ट्रॅक डेला जायचं असेल तर ओल्या क्लचचा डीसीटी, त्याच्या पॅडलला जो टक टक प्रतिसाद आहे तो अजूनही थोडा वेगळाच आहे. कोरड्या क्लचचा डीसीटी मी मधल्या लोकांना सुचवतो, ज्यांचा रस्ता बऱ्यापैकी वाहता आहे आणि जे पुढे सांगितलेल्या सवयी खरंच लावून घेतील. मोठ्या शहरात ड्रायव्हर चालवणार असेल तर नको, कारण सवयी तुम्हाला लागतील, त्याला नाही.

ट्रॅफिकमध्ये डीसीटी कसा चालवायचा

एकच तत्त्व, क्लच एकतर पूर्ण सुटलेला असू दे नाहीतर पूर्ण धरलेला. मधे कमीत कमी वेळ.

पुढची गाडी दोन फूट सरकली की आपण दोन फूट सरकायचं नाही. गाडीच्या लांबीएवढा गॅप होऊ द्या, मग एकदाच नीट उठा, क्लच पूर्ण धरू द्या, मग थांबा. मागचा हॉर्न मारेल, मारू द्या. रिक्षा त्या गॅपमध्ये घुसेल, घुसणारच, तिच्याशी स्पर्धा करून क्लच प्लेट जाळण्यात काही अर्थ नाही.

थांबलात की ब्रेक नीट दाबा. नीट दाबलेला असताना बहुतेक डीसीटी क्लच सोडून देतात, म्हणून दर सिग्नलला एन वर टाकायची गरज नसते. पण पाय नुसता टेकवून ठेवलात आणि गाडी सरकू की नको अशा अवस्थेत असेल तर क्लच अर्धवट धरून बसतो आणि तिथेच तापतो. ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारं बटण) असेल तर वापरा, त्याच्यासाठीच आहे.

चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरायची सवय, जी आपल्याकडे मॅन्युअलवाल्यांना हमखास असते, ती डीसीटीत विसरा. खंबाटकीत गाड्या थांबल्या आणि तुम्ही हलकं रेस करून गाडी जागेवर धरली तर जेवढा वेळ धरली तेवढा वेळ क्लच घसरतोय. कन्व्हर्टरमध्ये पण हे केलं तर ऑइल तापतं, पण ते ऑइल कूलरकडे जातं आणि झिजत काही नाही. चढावर उठताना पण हेच, ब्रेक सोडून लगेच ठामपणे अ‍ॅक्सिलरेटर द्या, गाडी मागे सरकत असताना डी मध्ये रेस करू नका. हिल होल्ड एक-दोन सेकंद धरतो, तेवढ्यात काम झालं पाहिजे.

आणि गिअरबॉक्स तापल्याचा मेसेज आलाच तर शहाणपणा करू नका. गाडी सुरक्षित बाजूला घ्या, पी टाका, थंड होऊ द्या. "अजून चालतेय ना" म्हणून तशीच रेटलेली गाडी नंतर वर्कशॉपमध्ये बोलते.

उष्णता आणि दमट हवा हा नुसता सिद्धांत नाही. २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनला डीएसजीसाठी पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्याच वर्षी जगभरात सात गिअरच्या डीएसजीमधलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरायची मोहीम झाली, कारण उष्ण दमट हवामानात आणि थांबत थांबत चालणाऱ्या गाड्यांत इलेक्ट्रिकल बिघाड येत होते. आताचे बॉक्स त्यापेक्षा सुधारलेले आहेत. पण मे महिन्यातला ठाण्याचा घोडबंदर रोड सुधारलेला नाही.

टॉर्क कन्व्हर्टरसाठी असली पथ्यं जवळपास नाहीतच. सरकू द्या बिनधास्त.

पार्क करताना दोघांनाही एकच गोष्ट: चढउतारावर ब्रेक दाबून आधी हँडब्रेक लावा, गाडीचं वजन त्यावर येऊ द्या, मगच पी. नाहीतर सगळं वजन पी च्या छोट्याशा खिट्टीवर येतं आणि सकाळी लिव्हर काढताना खाडकन आवाज होतो.

आता दणका द्यायचा असेल तेव्हा

पॅडलबद्दल एक गोष्ट जी कोणी शोरूममध्ये सांगत नाही. डीसीटी पुढचा गिअर आधीच लावून ठेवतो, पण पुढचा कुठला हे तो तुमच्या वागण्यावरून ताडतो. चौथ्यात अ‍ॅक्सिलरेट करताय म्हणून त्याने पाचवा तयार ठेवला, आणि तुम्ही अचानक डावं पॅडल ओढलं, तिसरा मागितला. पाचवा आणि तिसरा एकाच शाफ्टवर, म्हणजे आधी पाचवा सोडायचा, मग तिसरा लावायचा, मग क्लच बदलायचा. इथे तो दमतो, आणि लोक म्हणतात "मधेच स्लो होतो". उपाय सोपा: आधी ब्रेक, मग पॅडल. ब्रेक लागला की बॉक्सला कळतं गाडी कमी होतेय, तो खालचा गिअर जवळ आणून ठेवतो आणि पॅडल ओढेपर्यंत तयार असतो. ताम्हिणीच्या वळणांवर हे करून बघा, दोन वळणांत हाताला सवय होते. तसंच सहावरून थेट चौथा हा पण एकाच शाफ्टवरचा व्यवहार, तो सहावरून पाचवा किंवा तिसरा यापेक्षा अवघड. कन्व्हर्टरला ही अडचण नसते, ८एचपी तर आठव्यावरून थेट दुसऱ्यावर येऊ शकतो, म्हणून ओव्हरटेकला किकडाउन मारला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, की तो कधीकधी डीसीटीच्या आधी जागा होतो.

घाट उतरताना दोघांतही मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा लावून ठेवा. डी मध्ये सोडलं तर बॉक्स मायलेजच्या नादात वरचा गिअर टाकत जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इथे डीसीटीचं इंजिन ब्रेकिंग छान, कारण क्लच पूर्ण धरलेला. आजच्या कन्व्हर्टरमध्ये पण लॉक-अप धरून ठेवतात, त्यामुळे फारसा फरक राहिलेला नाही.

लाँच कंट्रोल, म्हणजे जागेवरून शक्य तितक्या फास्ट उठवणारी सोय. ज्या गाडीत आहे, उदाहरणार्थ गोल्फ जीटीआय, एम३४०आय, ९११, त्या गाडीचं मॅन्युअल वाचून त्यातल्याच क्रमाने करा. साधारण प्रकार असा असतो: इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही नीट गरम झालेले, स्पोर्ट मोड, ट्रॅक्शन कंट्रोल त्या गाडीत सांगितलेल्या सेटिंगला, स्टिअरिंग सरळ, डाव्या पायाने ब्रेक घट्ट, उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण, आरपीएम एका जागी स्थिर झाले की ब्रेक एकदम सोडायचा. हळूच नाही, एकदम. आणि जागा बंद असली पाहिजे, ट्रॅक किंवा परवानगी असलेली एअरस्ट्रिप, एक्सप्रेसवेचा टोलनाका नव्हे.

इथे पण दोघांची उष्णता वेगळ्या ठिकाणी. डीसीटीत प्रत्येक लाँचला क्लच पॅक काही क्षण भट्टीतून जातो, म्हणून लगेच दुसरं लाँच मारू नका, मधे काही किलोमीटर शांतपणे वरच्या गिअरला चालवा म्हणजे ऑइल फिरून क्लच थंड होईल. बऱ्याच गाड्या तापल्यावर लाँच कंट्रोल देतच नाहीत, तो बिघाड नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ब्रेक धरून रेस देता तेव्हा टर्बाइन थांबलेला आणि पंप फिरतोय, इंजिनची सगळी ताकद ऑइल तापवण्यात जातेय, म्हणून ती अवस्था काही सेकंदांच्या वर धरू नका. टर्बोचा बूस्ट आला की सोडा. अमेरिकेत ड्रॅगवाले टॉर्क कन्व्हर्टर सोडत नाहीत त्याचं कारण पण हेच, उठायच्या क्षणी टॉर्क वाढून मिळतो आणि मार झेलतो तो ऑइल. २०१८ ची डॉज डीमन तर ट्रान्सब्रेक घेऊन आली, म्हणजे गाडी चाकाच्या ब्रेकने न धरता गिअरबॉक्स आतूनच अडवून धरायचा आणि मग सोडायचा.

रिमॅप करायच्या आधी

रिमॅप म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. त्यात बीएचपी बघू नका, टॉर्क बघा. गिअरबॉक्सला पॉवरचं काही पडलेलं नसतं. डीक्यू२०० ची मर्यादा २५० न्यूटन मीटर आणि १.५ टीएसआय कंपनीतूनच २५० देतं, म्हणजे ती गाडी पहिल्या दिवसापासून काठावर उभी आहे. त्यावर स्टेज वन, म्हणजे पहिल्या पातळीचा रिमॅप, टाकला की क्लच तिसऱ्या-चौथ्या गिअरला कमी आरपीएमवर पूर्ण दाबल्यावर घसरायला लागू शकतो: आरपीएम वर जातात, स्पीड तेवढा वाढत नाही. ट्यूनर चांगला असेल तर तो खालच्या आरपीएमला टॉर्क मुद्दाम दाबून ठेवेल आणि वर मोकळा सोडेल. "आमच्याकडे सगळ्यात जास्त टॉर्क मिळेल" म्हणणाऱ्याकडून या गाडीसाठी तरी लांब राहा. आणि वॉरंटीला रामराम, हे धरूनच चला.

झेडएफचं नामकरण वाचायला शिका, सोपं आहे: ८एचपी४५ म्हणजे साधारण ४५० न्यूटन मीटरचा, ८एचपी७० म्हणजे ७०० चा, ८एचपी९० म्हणजे ९०० चा. रिमॅप झेपण्याच्या बाबतीत हे बॉक्स बरेच दिलदार आहेत, आणि एम३४०आय वर एवढे लोक का तुटून पडतात त्याचं अर्धं उत्तर इंजिनमध्ये आणि अर्धं इथे आहे.

ऑइलचं काय

"लाइफटाइम ऑइल" या शब्दावर विश्वास ठेवू नका, किंवा ठेवा पण लाइफ कोणाचं ते विचारा. गाड्यांच्या कंपन्या सांगतात बदलायची गरज नाही, आणि बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं. मी झेडएफचं ऐकेन. ८एचपीच्या बऱ्याच प्रकारांत फिल्टर प्लास्टिकच्या ऑइल पॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणजे पॅन अख्खा बदलायचा, बिल ऐकून दचकू नका. लेव्हल पण इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान स्कॅनरवर बघून, ठरलेल्या रेंजमध्येच तपासायची असते. ज्या गॅरेजकडे तो स्कॅनर नाही त्याच्या हातात हे काम देऊ नका, ऑइल कितीही स्वस्त लावलं तरी.

ओल्या डीएसजीत डीक्यू२५० ला ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर. नव्या बॉक्सचे आकडे वेगळे आहेत, सर्व्हिस बुक बघा आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये ते पुढे ढकलू नका. त्या ऑइलमध्ये क्लचची सगळी झीज मिसळत असते.

कोरड्या डीक्यू२०० बद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. जर्क यायला लागले की लोक ऑइल बदलून घेतात. अहो, क्लच ऑइलमध्ये नाहीच. गिअरचं ऑइल वेगळं, मेकॅट्रॉनिकचं (क्लच आणि गिअर हलवणाऱ्या कंट्रोल युनिटचं) हायड्रॉलिक ऑइल वेगळं, आणि क्लच बाहेर हवेत. जर्कसाठी आधी स्कॅन आणि क्लचचं अ‍ॅडाप्टेशन, म्हणजे क्लच नेमका कुठे धरतो हे बॉक्सला पुन्हा शिकवणं. त्याने फरक पडला तर उत्तम. पडला आणि परत तेच व्हायला लागलं तर क्लचची जाडी संपत आलीय, अ‍ॅडाप्टेशन परत परत करून ती वाढत नाही.

बंद पडली तर दोन्ही प्रकारांत फ्लॅटबेड मागवा. दोरी बांधून ओढू नका, इंजिन बंद असताना ऑइल पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात.

सेकंड हँड बघताना

गाडी थंड मागा. विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका, आणि गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. थंड असताना पी वरून आर आणि डी मध्ये टाका: कन्व्हर्टरवाली गाडी गिअर धरायला दोन-तीन सेकंद घेत असेल किंवा धडकन धरत असेल तर ऑइल कमी किंवा आतली प्रेशर गेलेली. डीसीटी असेल तर रॅम्पवर रिव्हर्स, परत परत, आणि सीटमधून थरथर येते का ते बघा. क्लचची झीज आधी तिथेच दिसते.

मग चाळीस-पन्नास मिनिटं चालवा, त्यातला मोठा भाग ट्रॅफिकमध्ये. मेकॅट्रॉनिकचे बरेच नखरे गरम झाल्यावरच बाहेर येतात आणि दहा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह विकणाऱ्याच्या फायद्याची असते. कन्व्हर्टरला मोकळ्या रस्त्यावर ६० ते ८० च्या दरम्यान अगदी हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवा. रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी बारीक घरघर आली, आणि पाय उचलल्यावर किंवा जास्त दाबल्यावर गेली, तर लॉक-अप क्लच थरथरतोय. कधी ऑइल बदलून ते जातं, कधी कन्व्हर्टरच बदलायला लागतो, आणि कुठलं ते बाहेरून कळत नाही, म्हणून भाव करताना दुसरंच धरा.

स्कॅन करा, इंजिनचा नुसता नको, गिअरबॉक्स कंट्रोल युनिटचा वेगळा. बिघाडाचे कोड पुसलेले असतील तर तेही बऱ्याचदा कळतं, गाडी स्वतःच्या तपासण्या करते ती सगळी मॉनिटर नुकतीच रीसेट झालेली दिसतात. काही परफॉर्मन्स गाड्यांत लाँच कंट्रोल किती वेळा वापरलं याचीही नोंद राहते, ती वाचता येत असेल तर वाचा. परत स्टॉक केलेली, म्हणजे मूळ सेटिंगला आणलेली, रिमॅपवाली गाडी ओळखायची असेल तर बिलं बघा: स्पार्क प्लग लवकर लवकर बदललेले, इंटरकूलरचे पाइप बाहेरच्या कंपनीचे, एअरबॉक्सचे स्क्रू खरचटलेले. मालक म्हणेल "मी तर आरामात चालवतो". हो, सगळेच आरामात चालवतात.

टोकन द्यायच्या आधी त्याच मॉडेलच्या क्लच पॅकचं, मेकॅट्रॉनिकचं किंवा कन्व्हर्टरचं लेखी कोटेशन सर्व्हिस सेंटरमधून आणि एका बाहेरच्या स्पेशालिस्टकडून मागवून घ्या, दोन्ही आकडे मालकासमोर ठेवा आणि एक्स्टेंडेड वॉरंटी शिल्लक असेल तर ती तुमच्या नावावर ट्रान्सफर होते का ते कंपनीकडून मेलवर लिहून घ्या, डीलरच्या तोंडावर नाही.